पहिलं बाळंतपण कोणतं?

बायको गेल्यानंतर मी पहिल्यांदाच सुरतेच्या आमच्या नेहमीच्या दवाखान्यात गेलो, खोकल्याचं औषध आणायला. बाकावर शेजारी तिथल्याच लिंबायत वस्तीतली एक सासू आणि तिची गरोदर सून बसली होती.

"सिंधू, या खेपेला गावीच जायचं. आपली सुईण आहे."

"आत्याबाई, मागच्या वेळी पोट चिरलंय. डॉक्टरीणबाई म्हणतात, आपोआप होईलही, पण कळा दवाखान्यातच काढायच्या. आतली शिवण उसवली तर जीव जातो."

"पोट चिरून काढलं, त्याला मी बाळंतपण धरतच नाही. खरं बाळंतपण आता."

"म्हणजे हे माझं पहिलंच?"

"पहिलंच!"

"पहिलं तर माहेरी असतं. मी धुळ्याला जाते, तिथंही मोठा दवाखाना आहे. चार महिने घरातल्या गड्यांच्या दिवसपाळी-रातपाळीच्या भाकऱ्या तुम्ही थापा."

"चार महिने?"

"आई त्याआधी सोडायची नाही."

"अगं, चिरलं म्हणून काय झालं? पोर तर तुझंच ना! ते पहिलं झालं."

"मग हे दुसरं. सासरी. म्हणजे सुरतेत, इथंच."

"इथंच. पण तुझ्या आईला बोलावून घे. भाकऱ्या ती थापेल."