खबर घेऊन एकटा जात नाही

हॅलो? … कोण, रिंकी? अवो बाई, तू या वेळेले? ऑफिस नाही का आज? … ऑफिसातूनच? मग आवाज असा काऊन? जेवली का? … बरं, नाही विचारत. सांग.

… हो … हो … हळू बोल गं, पंखा करकर करून राहिला. हां, आता सांग.

म्हणजे तुमचा प्रोग्राम चालता चालता बंद पडते. … आणि पडता पडता, काऊन पडला ते लिहून ठेवते. हे दिवाळीत सांगितलं होतंस, मले याद आहे. त्यात पुष्कळ गडी एकदम राबतात … थ्रेड? तू थ्रेड म्हण, मी गडी म्हणते. … दोन गडी एकदम पडले, दोघंही लिहायले धावले, आणि सगळंच गोठलं. … वर्षातून एखाद वेळेस? तरी सापडलं? वा!

… गोवर्धन सरांनी शोधलं. इलाज काय केला? … पहिला पडला तो लिहील, बाकीच्यांनी त्याची वाट पाहायची. ठीकच तर आहे. … आणि तो तुले तपासायले दिला? सरांचं काम तू तपासून राहिली? शामकला, ऐकलं का! … शेजारची शामकला गं, लाखोरीची डाळ निवडून राहिली. तू बोल.

मग अडलं कुठं? … हां … थांब. लिहिणाराच लिहिता लिहिता पुन्हा पडला तर? … बाकीचे वाटच पाहत बसतील …

रिंकी, अगं, माझे सासरे, तुझे पणजोबा बकाराम गेले, तेव्हा हेच झालं होतं! … हसू नको, ऐक ना. मयतीची खबर घेऊन दोघांनी जायचं, ही आपली रीत. पण धानाच्या रोवणीचे दिवस, माणूस मिळेना. भावकीतला केवलराम एकटाच सायकल घेऊन निघाला. सासऱ्यांची बहीण बोदलकसा गावात दिलेली, ती आल्याशिवाय मयत उचलायचं नाही. हा वाटेत नाल्यात पडला, पाय मोडला. आणि आम्ही सगळे अंगणात बसून! 'केवलराम गेला आहे ना, येईल.' दिवस मावळला, तरी दुसरा कोणी उठला नाही.

आम्हाले पडल्यावर कळलं. तुले आधीच दिसलं गं पोरी.

… मग लिही ना तसं. … सर मोठे आहेत म्हणून? … हो … आज संध्याकाळी पाठवायचं, सगळे तुझ्या एका 'हो'साठी अडलेत. समजलं. … आणि 'हो' म्हटलं तर? … दवाखान्यांत चालते तो? तिथं गोठला तर कोणाले कळणारही नाही?

मग कायले विचार करते? चूक काढली म्हणू नको. एवढंच विचार, 'सर, लिहिणाराच पडला तर?'

… लिहिलं? पाठव. … पाठवलं? … आहे मी, नाही ठेवत फोन. … पाणी पी तोवर.

… … आलं? काय म्हणतात? … 'हे माझ्या ध्यानातच आलं नाही'? सगळ्यांसमोर लिहिलं असं? भला माणूस. … आज थांबवलं? आणि दुरुस्ती तूच करशील!

मग रडून कायले राहिली? … मी? मी नाही. पंख्याचा आवाज आहे तो.

टिकेशले मी सांगते आता, दुकानातच असेल. … तू सांगते? बापाले पोरीनंच सांगावं, खरं आहे. … नको, नको, दोघींनी एकदम लावला तर दोघींलेही बिझी लागंल. तू लाव आधी. … नाही लागला, तर मी मागून दुकानाकडे निघतेच. चल, ठेव आता.