बायला एकदाच विचारलं

संस्थेचे सन्माननीय अध्यक्ष महिपतराव, मुख्याध्यापिका वेदिका मॅडम, व्यासपीठावरचे माझे सहकारी, मालगुंड पंचक्रोशीतून वेळ काढून आलेले पालक, आजी-माजी विद्यार्थी, आणि आज सकाळीच मुंबईहून येऊन तिसऱ्या रांगेत बसलेला माझा भाचा सागर, सर्वांना माझा नमस्कार.

एकतीस वर्षं या शाळेत भूगोल शिकवला. मॅडमनी आत्ता माझा उल्लेख 'मृत्यूला परतवून लावणारे सहदेव सर' असा केला, तेव्हा अंगावरची शाल जड वाटली. परतवून लावायला मी काय केलं? मी फक्त ओरडलो.

तीन वर्षांपूर्वी प्रार्थनेच्या वेळी छातीपासून पाठीपर्यंत काहीतरी फाटत गेलं आणि मी मुलांसमोर ओरडून खाली बसलो. तुमच्यापैकी बरेच जण तिथे होतात. आपले क्रीडाशिक्षक सुजय सर धावले, मला उचलून गाडीत घातलं. रत्नागिरीला कोणी विचारलं नाही की सकाळी काय खाल्लंत. पंचावन्न वर्षांचा पुरुष छाती धरून आलाय म्हटल्यावर लगेच स्कॅन झाला. हृदयातून निघणारी महाधमनी आतून फाटली होती. तिथून रुग्णवाहिका, आंबा घाट, कोल्हापूर. कळ आल्यापासून सात तासांत मी ऑपरेशनच्या टेबलावर होतो.

घरी सोडताना सर्जन म्हणाले, "हे कधीकधी घराण्यात असतं. भावंडांची तपासणी करून घ्या, त्यांच्या मुलांचीही."

मला भावंड एकच. पूर्णगडची जाईबाई, माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. मी तिला बाय म्हणायचो. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. मला न्हाऊ घालून, भांग पाडून शाळेत धाडणारी तीच. मी लग्न केलं नाही. त्यामुळे "जेवलास काय रे?" असं विचारणारं माणूस मला उभ्या जगात एकच होतं. रोज संध्याकाळी साडेसातला तिचा फोन यायचा.

तिचा मुलगा सागर. तपासणीसाठी त्याला मी चार फोन केले. "मामा, मला काय झालंय? सुट्टी मिळत नाही," हे त्याचं उत्तर. शेवटी मी टाके ओले असताना मुंबईला गेलो आणि त्याचा रिपोर्ट हातात येईपर्यंत बाकड्यावरून उठलो नाही. रिपोर्ट चांगला आला.

आणि बायला? बायला मी एकदा म्हटलं, "तूही दाखवून घे गो."

"मला काय झालंय? तुझं निभावलं ना, झालं तर. माझं काय काढू नकोस."

मी म्हटलं, "बरं."

मंडळी, उत्तर दोघांचं एकच होतं. सागरचं मी मानलं नाही, तिचं मानलं. का मानलं? खरं सांगायचं तर बाई आणि असलं दुखणं हे माझ्या डोक्यात जुळतच नव्हतं. कोसळायचं आपण आणि उशाशी बसायचं त्यांनी. साठ किलोमीटरवर तिचं घर. दर सुट्टीला तिच्या हातचं जेवून यायचो. पुन्हा विचारलं नाही.

गेल्या माघात तिच्या पाठीत कळ आली. ती ओरडली नाही. उसण भरली म्हणाली, ओवा चावला आणि चुलीपुढे बसली. शेजारच्या मनालीने तिचा घामेजलेला चेहरा बघून जबरदस्तीने एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पित्ताचं इंजेक्शन दिलं, म्हणाले, "बाई घाबरल्यात जरा." साडेसातला मला फोन आला.

"बाय, आवाज असा का?"

"दमलेय. जेवलास काय?"

मी जेवलो होतो. तसं सांगून फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पडवीत कोसळली. मग तोच स्कॅन, तोच घाट, तेच सर्जन. फक्त कळ येऊन तीस तास झाले होते. ऑपरेशन पार पडलं, पण ती शुद्धीवर आली नाही. पाचव्या दिवशी गेली.

मी सर्जनना विचारलं, "माझं निभावलं, तिचं का नाही?"

ते माझ्या शेजारी बसले. "टाके तेच होते, हात माझेच होते. पण त्या आल्या तेव्हा मूत्रपिंडांनी काम सोडलं होतं. बायका माझ्याकडे बऱ्याचदा अशाच उशिरा पोचतात. वयाचा, शरीराचाही भाग असेल. किती, ते नेमकं नाही सांगता येणार. ठिकठिकाणचे आकडेही एकसारखं बोलत नाहीत. उशीर मात्र मी डोळ्यांनी बघतो."

सागर, तेव्हापासून येणाऱ्या-जाणाऱ्याला तू सांगतोस, मामांनी आईला किती सांगितलं, तिनंच ऐकलं नाही. दर वेळी मी गप्प राहिलो. किती नाही रे. एकदाच. हे तुला घरी सांगायला हवं होतं. तीनदा तोंड उघडलं आणि चहाचं विचारून मिटलं. पुढ्यात माइक असला की मास्तराला बोलता येतं. एकट्या घरात येत नाही. हल्ली साडेसात वाजले की मी टीव्हीचा आवाज मोठा करतो.

क्षमा करा, निरोपाच्या दिवशी मी भलतीकडेच गेलो. विद्यार्थ्यांनो, घरी गेल्यावर आईला विचारा, कुठे दुखतं का. ती काही नाही म्हणेल. तिथेच थांबू नका.

संस्थेचे, मॅडमचे, सर्व सहकाऱ्यांचे मनापासून आभार. सुजय सर, तुमचे आभार कोणत्या शब्दांत मानू, मला कळत नाही. एकतीस वर्षांत कुणाचा कान जास्त पिळला गेला असेल, कुणाचं उत्तर पुरतं न ऐकता खाली बसवलं असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला.

सागर, तुला मात्र मी तसं म्हणणार नाही. तुझी परतीची गाडी संध्याकाळची आहे, ठाऊक आहे मला. इथून गेल्यावर मी भात दोघांचा टाकणार आहे. यायचं की नाही, ते तू ठरव.