किती म्हणू, आण्णा?

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या गावचे सरपंच विजयसिंह घोरपडे, प्रमुख पाहुणे म्हणून आवर्जून आलेले केंद्रप्रमुख साहेब, व्यासपीठावरचे सर्व गुरुजन, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत त्या ललिता शिंगे बाई, आणि समोर बसलेल्या माझ्या गावकरी बंधू-भगिनींनो व बालमित्रांनो, मी गुंडू चौगुले आपणा सर्वांना नमस्कार करतो.

माइकसमोर उभं राहायची माझी ही पहिलीच वेळ. हातातला कागद हलतोय तो पंख्याच्या वाऱ्यानं हलतोय, असं कृपया समजून घ्यावं.

बाई जून एकोणीसशे चौऱ्याहत्तरला शाळेत रुजू झाल्या. आज, एकतीस मे दोन हजार आठला, निवृत्त होत आहेत. म्हणजे तेहतीस वर्षं त्यांनी आपल्या गावचा पहिलीचा वर्ग सांभाळला. त्यांच्या कार्याबद्दल माझ्या आधीचे वक्ते छान बोलले. मला तसं बोलता येणार नाही. मला फक्त माझ्या घरातली एक गोष्ट सांगायची आहे. ती सांगायची भीती वाटते, पण न सांगता बाईंना निरोप दिला, तर ते मला खोटं वाटेल.

मी याच शाळेत शिकलो, बाई येण्याच्या आधी. त्या वेळी गणिताच्या तासाला पोटात दुखायचं. उत्तर चुकलं की छडी, आणि उत्तर यायला उशीर झाला तरी छडी. पुढं कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कामाला लागलो. तिथं नवीन मशिनी आल्या, तशी मापं बारीक झाली. वीस-बावीस वर्षांची पोरं भराभर हिशोब करून सुपरवायझर झाली आणि मी जिथं होतो तिथंच राहिलो. आकडे पुढं आले की आजही माझ्या तळहाताला घाम सुटतो.

लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी, नृसिंहवाडीला पुष्कळ पौर्णिमा केल्यावर, आम्हाला साक्षी झाली. उशिरा झालेलं लेकरू. त्याच्याबद्दल किती भीती वाटते, हे ज्याचं त्यालाच कळतं. पडेल का, आजारी पडेल का, आणि मला तर सगळ्यात जास्त, ही माझ्यासारखी गणितात मागं राहील का?

आमच्या कंपनीत हंबीरराव म्हणून एक सहकारी आहेत. त्यांचा मुलगा कोल्हापुरात ॲबॅकसच्या क्लासला जायचा. डबा खाताना हंबीरराव रोज सुरू करायचे, "आमचं पोरगं हवेत नुसती बोटं हलवतंय आणि उत्तर सांगतंय. तुझी पोरगी काय करती रं, गुंडू?"

माझी पोरगी तेव्हा साडेपाच वर्षांची. ती चिंचोक्यांनी खेळत होती. दर रविवारी तिला कोल्हापूरला नेणं जमणारं नव्हतं. मी महाद्वार रोडवरून ती मण्यांची चौकट विकत आणली आणि घरीच शिकवायचं ठरवलं. सोबत माहितीचा कागद होता. तो इंग्रजीत होता. मी त्याची घडी करून देव्हाऱ्याखाली ठेवून दिली.

इथं माझी चूक झाली. आमच्या लहानपणी पाटीला तारा असायच्या आणि एका तारेवर दहा मणी. एक मणी म्हणजे एक, एवढंच मला ठाऊक. या नव्या चौकटीत मधे आडवी पट्टी, पट्टीच्या वर एक मणी आणि खाली चार. मी म्हटलं, पाच मणी आहेत म्हणजे पाचच झाले. सहावा शेजारच्या, डावीकडच्या तारेवरचा घ्यायचा. कुणाला विचारलं नाही. विचारायची लाज वाटली.

रोज सकाळी पूजा झाली, जपाची माळ झाली की मी साक्षीला पाटावर बसवायचो. एका तारेवरचे पाच मणी सरकवायचो, डावीकडचा एक सरकवायचो आणि विचारायचो, "किती?"

ती म्हणायची, "पंधरा."

"सहा! नीट बघ. किती?"

ती परत म्हणायची, "पंधरा."

मी हात उगारला नाही, असं या व्यासपीठावरून खोटं सांगणार नाही. लाकडी फूटपट्टी होती. गळ्यात माळ होती आणि हातात फूटपट्टी होती. आठवड्याभरात ती "सहा" म्हणायला लागली. मला वाटलं, पोरगी शिकली.

पुढं पुढं ती उत्तर देण्याआधी मण्यांकडं बघायचीच नाही. माझ्या तोंडाकडं बघायची. ते मला दिसत होतं, पण कळत नव्हतं. शाळेतून बाईंनी दोनदा निरोप पाठवला, "साक्षी वर्गात हात पाठीमागं लपवती. एकदा येऊन भेटा." मी गेलो नाही. मोठा झालो तरी शाळेत बोलावलं की मला भीती वाटते.

मग दोन हजार पाचचा महापूर आला. तो तुम्हा सगळ्यांना आठवतो. आपल्या गावाची रीत पाहुण्यांना माहीत नसेल, म्हणून सांगतो. नदी चढायला लागली की आमच्या खालच्या गल्लीत कुणी फुटात बोलत नाही. घाटाच्या कोरड्या पायऱ्या मोजतात. "किती उरल्या?" एवढंच विचारतात. पाच उरल्या की गल्ली सोडायची, हे आमच्या आजोबांपासून ठरलेलं. वरच्या कट्ट्यावर उभं राहून मोजायचं काम लहान पोरांचं.

त्या दिवशी सकाळी साक्षी मोजून आली आणि म्हणाली, "अकरा." मी म्हटलं, "शाब्बास!" दुपारी माझी बायको शालू भांडी आणि अंथरुणं घेऊन शाळेच्या माडीवर गेली. घरात मी, साक्षी आणि माझी आई धोंडुबाई. आईला धड चालता येत नाही. मी म्हैस सोडत होतो. साक्षीला म्हटलं, "पळ, पायऱ्या मोजून ये."

ती आली आणि दारात उभी राहिली. माझ्या हातात दावं होतं. तिनं दाव्याकडं बघितलं, मग माझ्या तोंडाकडं, आणि विचारलं, "किती म्हणू, आण्णा?"

घाईत मी ओरडलो, "किती म्हणू काय? हाईत तेवढ्या सांग की!"

ती म्हणाली, "अकरा."

अकरा म्हणजे अजून वेळ आहे. मी म्हैस घेऊन माळावर गेलो. तासाभरात परत येऊन आईला आणि पोरीला न्यायचं, असा विचार. परत आलो तर ओढ्यावरचा रस्ता दिसेना. लाल पाणी. त्यातून कुणाची तरी कडब्याची पेंढी गरगरत चालली होती. पलीकडं माझं घर, आणि घरात एक म्हातारी आणि एक सहा वर्षांची पोर. मी दत्त महाराजांचं नाव घ्यायला गेलो, तर तेही आठवेना. रोज माळ ओढणारा माणूस मी. मला एकच ऐकू येत होतं, "किती म्हणू, आण्णा?"

आणि त्याच वेळी बाई शाळेच्या माडीवर काय करत होत्या? हजेरी घेत होत्या! सुट्टी होती, पूर होता, माडीवर तीनशे माणसं होती, आणि बाई दर तासाला आपल्या वर्गातली पोरं डोक्यावर हात ठेवून मोजत होत्या. एक कमी भरलं. त्यांनी शालूला विचारलं. शालू म्हणाली, "ती आण्णांबरोबर असंल." बाई म्हणाल्या, "असंल नको. मला बघायला पाहिजे." त्यांनी गावातल्या भाऊसोंना त्यांचा ट्रॅक्टर काढायला लावला आणि स्वतः वर बसल्या. भाऊसो म्हणत होते, "बाई, उतरा की, पाणी एक्सलला लागलंय." बाई उतरल्या नाहीत.

घरात कमरेएवढं पाणी झालं होतं. आई कॉटवर उभी होती, भिंत धरून. साक्षी धान्याच्या कणगीवर बसली होती, पोटाशी दप्तर धरून. दोघींना बाईंनी आणलं.

मी लांबच्या वाटेनं, गुडघ्याएवढ्या चिखलातून, दिवस मावळायला शाळेत पोचलो. माडीच्या दाराशी आलो आणि बाईंचा आवाज ऐकून तिथंच थांबलो. बाई विचारत होत्या, "साक्षी, पायऱ्या किती होत्या गं?"

"चार."

"मग आजी म्हणती तसं आण्णांना अकरा का सांगितलंस?"

"सकाळी अकरा म्हटल्यावर आण्णा हसलेलं. चार म्हटल्यावर मारलं असतं तर?"

मंडळी, पुरात माझं घर पडलं नाही. पण त्या दाराशी मी जेवढा घाबरलो, तेवढा ओढ्याच्या काठावरही घाबरलो नव्हतो. माझ्या पोरीला मोजता येत होतं. मीच तिला खोटं मोजायला शिकवलं होतं.

दोन दिवसांनी बाईंनी तिच्या दप्तरातली चौकट माझ्यापुढं ठेवली. "दाखवा, कसं शिकवता ते." मी दाखवलं. बाईंनी चौकट आपल्याकडं वळवली. मग म्हणाल्या, "गुंडूभाऊ, वरचा मणी एकटाच पाच असतो. त्याला पंजा समजा आणि खालचे चार म्हणजे सुटी बोटं. पंजा आणि एक बोट, झाले सहा, एकाच तारेवर. डावीकडची तार दहाची. तुमचा एक मणी म्हणजे एक धरला, तरी डावीकडचे दहा आणि इकडचे पाच, पंधराच होतात. पोरगी बरोबर होती."

बाईंनी विचारलं, "तुम्ही जप करता. मणी चुकला तर तुमचे दत्त महाराज फूटपट्टी मारतात का?"

मी गळ्यातली माळ सदऱ्याआड सारली.

मग त्यांनी मला गृहपाठ दिला. साक्षीला नाही, मला. "महिनाभर तिला 'किती' विचारायचं नाही. रोज तिच्यासमोर तुम्ही मोजायचं आणि एकदा मुद्दाम चुकायचं. ती तुम्हाला दुरुस्त करेपर्यंत."

आम्ही घरात चार माणसं. मी संध्याकाळी तीन ताटं मांडायला लागलो. "बरोबर हाय का गं?" ती म्हणायची, "व्हय." आणि गुपचूप आजीच्या ताटात जेवायला बसायची. स्वतःला ताट नाही हे तिला दिसत होतं. पण बाप चुकला हे सांगायची छाती नव्हती. असे किती दिवस गेले असतील? सतरा. आई वैतागली, "गुंड्या, तीन आणि चार कळंना झालं व्हय तुला? ह्याला परत पहिलीत बसवा की गं कुणीतरी!" मला हसू यायचं नाही. ही आता कधीच बोलणार नाही, असं वाटायचं.

अठराव्या दिवशी दाराआडून आवाज आला, "आण्णा, एक ताट कमी हाय."

मी म्हटलं, "व्हय की. माझं चुकलं."

त्या घरात मोठ्या माणसानं हे शब्द उच्चारायची ती पहिली वेळ. माझे वडील कधी म्हणाले नव्हते, मीही म्हणालो नव्हतो.

आज साक्षी नऊ वर्षांची आहे. त्या चौकटीवर बेरजा करते आणि मला शिकवते. मी सावकाश शिकतो. भीती गेली, असं म्हणणार नाही. अजून मी डोकं खाजवायला हात वर केला की तिची पापणी मिटते. ते दिसतं तेव्हा मी तिथंच जपाची माळ हातात घेतो आणि मनात क्षमा मागतो. बाई, तेहतीस वर्षांत तुम्ही अशी किती पोरं...

काय गं? तिसऱ्या रांगेत कोण हात वर करतंय? साक्षी? बोल, मोठ्यानं बोल.

चौतीस?

थांबा हं, अध्यक्षसाहेब. चौऱ्याहत्तर ते दोन हजार आठ... व्हय की. चौतीस. माझं चुकलं. आणि बाई, तुमच्यासमोर शपथेवर सांगतो, ही चूक मी मुद्दाम केली नव्हती.

मला बोलायची संधी दिल्याबद्दल अध्यक्षांचे, संयोजकांचे आणि शांतपणे ऐकून घेतल्याबद्दल तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. बाईंना निरोगी आयुष्य लाभो, ही दत्तचरणी प्रार्थना. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल, तर मोठ्यांनी मला क्षमा करावी. लहानांनी मात्र क्षमा करू नये. जागेवरून हात वर करावा आणि सांगावं.

नमस्कार.