सासूबाईंचा ताबा मिळावा म्हणून

जबाब देणार: निर्वासित वसाहतीतली आरोग्यसेविका, वय एकोणचाळीस, शिक्षण दहावी, राहणार पाण्याच्या टाकीमागची पत्र्याच्या खोल्यांची ओळ, शेवटून दुसरी खोली.

मी स्वतः पोलीस ठाण्यात येऊन, कुणाचाही दबाव नसताना, सांगते की,

मी वरील ठिकाणी माझे पती व सासूबाई यांच्यासह राहते. पती सध्या बाहेरगावी बांधकामावर आहेत. लढाईमुळे आम्ही गाव सोडून आलो, त्याला आता चौथं वर्ष चालू आहे. ठाण्याच्या व्हरांड्यात बाकावर बसलेल्या, तपकिरी शाल पांघरलेल्या वृद्ध बाई माझ्या सासूबाई आहेत. आज संध्याकाळी त्या मालट्रकच्या अड्ड्यावर एकेका ट्रकमध्ये डोकावून "सगळे आले का?" असं विचारत फिरताना आपल्या शिपायांना सापडल्या. मला कुणी नाही, असं त्या सांगतात. मी समोर उभी राहिले तर म्हणाल्या, "या बाईंना मी ओळखत नाही." मी त्यांचं वसाहतीचं ओळखकार्ड दाखवलं. पण त्या नाही म्हणतात आणि त्यांचे हात सोललेले आहेत, म्हणून जबाब झाल्याशिवाय ताबा मिळणार नाही, असं ठाणे अंमलदारांनी सांगितलं. त्यांचं बरोबर आहे. त्यांच्या जागी मीही दिला नसता.

"सगळे आले का?" हे त्या का विचारतात, ते सांगते. गाव सोडताना आम्ही ट्रकमध्ये बसलो होतो. माझा धाकटा दीर पाण्याचा कॅन भरायला खाली उतरला. अंधार होता. सासूबाईंनीच ड्रायव्हरला सांगितलं, "सगळे आले, चला." दिराचा आजतागायत पत्ता नाही. तेव्हापासून त्या माणसं मोजतात. नळावर मोजतात, दवाखान्यात मोजतात, अनोळखी माणसाच्या दारात उभ्या राहून आत किती जण आहेत ते विचारतात. लोक हसतात.

माझं काम असं की घरोघर जाऊन बायकांना सांगायचं, ताप आला तर लपवता का? मग मनाचं दुखणं कशाला झाकून ठेवता? दिवसभर माझ्या तोंडाचा पट्टा चालू असतो. वस्तीत मला 'भोंगा' म्हणतात, तोंडावरही म्हणतात. या भोंग्याने स्वतःच्या सासूला मनाच्या डॉक्टरांकडे एकदाही नेलं नाही. डॉक्टर आठवड्याला येतात, त्यांना खुर्ची मीच पुसून देते. पण लोक म्हणाले असते, हिच्याच घरात हे आणि ही चालली आम्हाला शहाणपण शिकवायला. एवढंच कारण. दुसरं काही नाही.

आज दुपारी जुन्या शाळेच्या हॉलमध्ये नव्याने आलेल्या बायकांची बैठक होती. त्यांतलं कुणी आमच्या घरच्यांना ओळखणारं नव्हतं. मोठ्या कार्यालयातून मॅडम आल्या होत्या. मला कामावर कायम करायचं की नाही, ते त्याच ठरवणार होत्या. निघताना मी सासूबाईंना म्हणाले, "आई, जरा पडा, मी आलेच." आणि बाहेरून कडी लावली. हात त्यानेच सोलले. त्यांनी दार एवढं बडवलं की शेजारच्या शिंपीणकाकूंनी येऊन कडी काढली. काकूंना त्या म्हणाल्या, "पोरीनं माझ्यासाठी खुर्ची ठेवलीय, मला जायचंय."

खुर्चीचं असं आहे की बैठकीत आम्ही गोल बसतो आणि एक खुर्ची रिकामी ठेवतो. सुरुवातीला मी म्हणते, जिला यावंसं वाटेल तिची ही खुर्ची. चार दिवस मी हे घरात चुलीशी उभी राहून पाठ करत होते. सासूबाई ऐकत होत्या. मला वाटलं, त्यांचं कुठे लक्ष असतंय.

त्या हॉलमध्ये आल्या, सरळ त्या खुर्चीवर बसल्या आणि बोट दाखवून बायका मोजायला लागल्या. मॅडमनी मला हळूच विचारलं, "या आजी तुमच्यातल्या का?"

मी म्हणाले, "नाही हो, मी ओळखत नाही. चुकून आल्या असतील."

हे मी मोठ्याने म्हणाले. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या उठल्या, खुर्ची होती तशी नीट लावली आणि मला म्हणाल्या, "चुकलं हो, बाई." घरात त्या मला पोरी म्हणतात. लग्न होऊन आल्यापासून पोरीच म्हणतात.

त्या गेल्या आणि मी बैठक पुढे चालू ठेवली. श्वासाचा व्यायाम घेतला. मॅडमनी शाबासकी दिली, ती मी घेतली. हेही लिहा. त्यानंतर घरी गेले तर दार सताड उघडं, खोलीत कुणी नाही. नळ, दवाखाना, बस थांबा सगळं पालथं घातलं, मग इथे आले.

मला माझी लाज वाटते. लाज वाटते हे जबाबात बसत नाही, घडलं तेवढंच सांगा, असं अंमलदार म्हणाले. मी म्हटलं, हेच घडलंय, बसवा कसंही.

सासूबाईंना कुणी मारलेलं नाही. कडी मी लावली, ओळख मी नाकारली. त्यांना माझ्या ताब्यात द्यावं अशी विनंती आहे. यापुढे दाराला बाहेरून कडी लागणार नाही. डॉक्टरांच्या पुढच्या वारी त्यांना सगळ्यांदेखत, पायी, मधल्या रस्त्याने घेऊन जाईन.

जबाब वाचून दाखवताना व्हरांड्याकडचं दार उघडं ठेवायला मी सांगितलं. बैठकीतलं माझं 'मी ओळखत नाही' इथपर्यंत वाचून झालं तेव्हा सासूबाई बाकावरून उठून आत आल्या आणि अंमलदारांना म्हणाल्या, "साहेब, तेवढं खोडा हो. पोरीची नोकरी जाईल."

अंमलदारांनी पेन उचललं. मी खोडू दिलं नाही. उरलेला जबाब सासूबाईंनी माझा हात धरून, उभ्यानेच ऐकला. जे लिहिलंय ते माझ्या सांगण्याबरहुकूम आहे, खरं आहे, आणि त्यात कुठेही खाडाखोड नाही.