आमच्या नायिकेला वाचा फुटली

...खरं तर हे बाहेर सांगायचं नाही असं मंडळात ठरलंय, पण तुम्ही काही आमच्या उमेओ शहरात राहत नाही, म्हणून तुम्हाला सांगते, कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला घास उतरणार नाही! आमचं शाळेतलं गेम बनवणाऱ्यांचं मंडळ. माणसं नऊ, पण अध्यक्ष आहे, इतिवृत्त आहे, आणि अध्यक्ष मेल्केरकडे स्वयंपाकाच्या वर्गातून उचललेली, मांस ठोकायची लाकडी हातोडी आहे. ठराव आला की तो विचारतो, "विरोधात कोणी?" तीन सेकंद थांबतो. कुणी बोललं नाही की टक्! मंजूर. गप्प बसणं म्हणजे होकार! आता तुम्हीच सांगा, जी मुलगी बेकरीत हवा तो बन मागायला लाजते आणि बाई देतील तो घेऊन येते, तिने तीन सेकंदांत काय करायचं?

दोन वर्षं आम्ही एकच गेम बनवतोय. खेळणाऱ्याने रूना नावाची योद्धी व्हायचं आणि जळतं राज्य वाचवायचं. रूना मुकी. म्हणजे तिची वाक्यं पडद्यावर उमटतात, त्यातलं एक आपण निवडायचं, बस्स. ती वाक्यं मी लिहिलीत! खेळताना मी ती मनातल्या मनात म्हणते, आणि काय सांगू, राक्षसाला असं झापते, असं झापते... तेवढ्या एकाच ठिकाणी मी बोलते हो!

तर सोमवारच्या बैठकीत सिग्ने उठली. ही चित्रं काढते, उरलेला वेळ बोलते. "अरे, राज्य जळतंय, बापाला ड्रॅगनने उचललंय, आणि ही बया मेंढीसारखी टकामका बघतेय! लोक हसतील. आवाज द्या तिला!"

"विरोधात कोणी?"

मला म्हणायचं होतं, तिला दुसऱ्या कुणाचा आवाज दिलात की ती त्याची होईल, मग मी कुठे जाऊ? एक... दोन... मी तोंड उघडलं, बरं का, खरंच उघडलं! टक्!

मग आवाज कुणाचा? सिग्नेच म्हणाली, "इल्वाचा! तिचा आवाज शाळेत कुणी ऐकलेलाच नाही, अगदी कोरा करकरीत आहे!" सगळे हसले, सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"विरोधात कोणी?"

अहो, मी! मी विरोधात! कान तापले, जीभ हलेना... टक्! वर इतिवृत्त तपासून सही करायची पाळीही माझीच. लिहिलं होतं, 'एकमताने मंजूर'. चूक तरी काय काढणार? केली सही.

वाक्यं किती? चारशे बारा! एवढी कशाला लिहिली मी? काल 'मागे हट, नाहीतर उभा चिरीन' हे माझ्याकडून सहा वेळा म्हणून घेतलं. मेल्केर म्हणतो, "इल्वा, तू त्याला धमकी देतेयस, वाचनालयात पुस्तक मागत नाहीयेस." आणि शुक्रवारी हे सगळ्या शाळेला ऐकवणार!

पण आज बैठक आहे, दाराबाहेर उभी राहूनच तुमच्याशी बोलतेय, मेल्केरने हाक मारली की आत जाईन, आणि रूनाला परत मुकी करा असा ठराव मी लिहून आणलाय. फक्त तो मोठ्याने वाचावा लागतो. तर मी आज सरळ उभी राहणार, आणि सगळ्यांसमोर खणखणीत म्हणणार की—

"इल्वा! ये की आत! तुझा काही विषय आहे का, की लगेच रेकॉर्डिंग सुरू करू?"

...करा सुरू.