नारळ फुटल्यावर थांबलेला स्लॅब

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपले सरपंच सदाशिवराव. मंचावरच्या मुख्याध्यापिका शीलाताई. शाळेच्या नव्या खोल्या बांधणारे ठेकेदार अमरभाऊ. ज्यांची बदली झाली म्हणून आपण जमलो त्या अभियंता आभा मॅडम. आणि मंडपात दाटीवाटीनं बसलेल्या माझ्या गावकऱ्यांनो, सगळ्यांना हात जोडतो.

बांधकामावर लक्ष ठेवायला गावानं मला बसवलं, म्हणून हा बोलायचा मान. माझी शाळा सातवीत संपली. पुढचं उमरखेडच्या जिनिंगमध्ये मशिनी उघडून शिकलो.

एका पाहुण्यानं विचारलं, कार्यक्रम शाळेत न ठेवता बाहेर मंडपात काहून ठेवला? तर पाहुणे, मागच्या महिन्यात सकाळी जमीन हलली, मांडणीवरची भांडी वाजली, आणि जुन्या शाळेच्या दगडी भिंतीला कोपऱ्यातून भेग गेली. मॅडम तिथं कुणाला बसू देत नाहीत. पोरं सध्या देवळात शिकतात.

आता आपल्याकडे स्लॅबचा दिवस म्हणजे लग्नघरच की. जमीन हलायच्या आधीची गोष्ट, नव्या खोल्यांच्या स्लॅबचा नारळ फुटला, मिक्सर फिरू लागला, मैनाबाईंच्या चुलीवर वरण उकळत होतं, बट्ट्या तयार होत्या. मॅडम शिडीनं वर गेल्या. कॉलमच्या डोक्यात, जिथं बीम येऊन भिडतात, तिथं वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "मिक्सर बंद करा. इथं सळ्यांना आवळणाऱ्या रिंगा नाहीत."

अमरभाऊ म्हणाले, "मॅडम, नारळ फुटला. आता थांबवलं तर अपशकुन होते."

खालून मैनाबाई ओरडल्या, "भूकंप काय आपल्या गावाचा पत्ता इचारत येऊन राह्यला, बाई? बट्ट्या गार होतात."

"होऊ द्या, मावशी," मॅडम म्हणाल्या. "गारच खाऊ."

त्या दिवशी अर्धं गाव मॅडमवर रुसलं. जेवताना कुणी त्यांना वाढायलाही पुढं होईना, तेव्हा मैनाबाईंनीच पुटपुटत ताट आणून ठेवलं.

मंडळी, मॅडमनं नंतर पारावर बसून समजावलं ते मी विसरलो नाही. किल्लारीला भिंती काय बारीक होत्या? हातभर रुंद होत्या. पण गोटे मातीत रचलेले, कोपरे एकमेकांत गुंतवलेले नाहीत, वर मातीच्या छताचं ओझं. जमीन हलली आणि ज्या भिंतीच्या भरवशावर माणसं झोपली होती, तीच अंगावर आली. सिमेंटच्या घराचंही तेच. माल कितीही चांगला वापरा, सांधा सुटला की सगळं खाली. कापसाची गाडी भरताना आपण दोर कुठं आवळतो? जिथून गठ्ठा सरकणार, तिथंच ना?

आता अमरभाऊंच्या तोंडावर बोलतो, मागं नाही. सांध्यात रिंग घालायची तर बीमच्या बांधलेल्या सळ्या पुन्हा उचलाव्या लागतात. किचकट काम आहे. म्हणून पंचक्रोशीत सगळेच ती जागा सोडून देतात, आणि वरून सिमेंट पडलं की कुणाला दिसत नाही.

अध्यक्ष महाराज, तो थांबलेला स्लॅब आता परवा ठरला आहे. मॅडम उद्या सकाळच्या बसनं जातात. नवे साहेब अजून रुजू नाहीत. आज सकाळी मी स्वतः वर गेलतो. पुढच्या कॉलमना रिंगा आल्या आहेत. मागच्या दोन कॉलमना नाहीत, आणि अमरभाऊंची माणसं तिथल्या सळ्या बांधून मोकळी झाली. त्या मागच्या खोलीत चौथीचा वर्ग बसणार. माझी नात गुंजन चौथीत आहे. तुमच्याही आहेत.

मॅडम, तुम्ही आमचे टोमणे ऐकले, गार बट्ट्या खाल्ल्या, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या. गावाच्या वतीनं तुमचे आभार मानतो. जिथं जाल तिथं असंच वाकून पाहत राहा. शीलाताईंचे, मंडप घालणाऱ्या पोरांचे, स्वयंपाक करणाऱ्या बायांचेही आभार. म्हाताऱ्याच्या बोलण्यात काही तिखट गेलं असेल तर पोटात घाला.

मी मात्र खाली बसत नाही. अमरभाऊ, या असे पुढं. हा माईक घ्या, आणि त्या दोन कॉलमचं उद्या बसच्या आधी काय करता, ते मॅडमच्या समोर सांगा. मॅडमना शाल आपण त्यानंतर देऊ.