बाबांच्या घराचा विमा

बाबा कारखान्यातून रिटायर झाले तेव्हाची गोष्ट सांगते. टाउनशिपचं क्वार्टर सोडून त्यांनी त्याच हिंदी भाषिक शहरात, सोनागिरी कॉलनीत घर घेतलं आणि विम्यासाठी दोन कंपन्यांचे एजंट बोलावले. पहिला दारातूनच म्हणाला, “सब कवर हो जाएगा, साहब,” आणि कोऱ्या फॉर्मवर सही मागितली. दुसऱ्या कंपनीची मुलगी मात्र सगळं घर फिरली. मागच्या खोलीत आईच्या तीन शिलाई मशीन दिसल्या, तशी तिने विचारलं, “आंटी, घर से काम करती हैं?”

बाबांनी आईला डोळ्यांनी खुणावलं, कारण धंदा लिहिला की हप्ता वाढणार होता.

आई म्हणाली, “हाँ, ब्लाउज सीती हूँ. लिख लो.”

बाबा दोन दिवस आईशी बोलले नाहीत. तरी पॉलिसी त्या मुलीकडूनच घेतली.

तिसऱ्या वर्षी शॉर्ट सर्किट झालं आणि ती खोली मशीनसकट जळाली. विमा कंपनीच्या सर्व्हेअरने आल्या आल्या विचारलं, “यहाँ सिलाई का धंधा चलता था?”

आई तोंड उघडणार, तोच बाबांनी पॉलिसी पुढे केली. “लिखा है, साहब. हमने पहले दिन ही बता दिया था!”

पैसे मिळाले, नव्या मशीन आल्या. आई मात्र त्या ‘हमने’वरून बाबांना अजून सोडत नाही.